दोरीचं दुसरं टोक

माझ्या शपथेला आमच्या चारकोपच्या सोसायटीत कुणी विचारत नाही, म्हणून शपथ घेत नाही. पण आजवर मारलेल्या सगळ्या थापा एका पारड्यात घाला आणि ही गोष्ट दुसऱ्यात. ही घडलेली आहे. ज्याच्या बाबतीत घडली त्यानेच मला सांगितली. एकदाच.

गेल्या डिसेंबरातला रविवार. जागा म्हणाल तर मढहून मालाडकडे येणारा रस्ता. आणि रात्र नव्हती बरं का. चांगलं उजाडलं होतं.

सर्वेशला त्या उजेडाचा उपयोग नव्हता. तो जन्मापासून आंधळा.

पण पळायचा असा की बघत राहावं. शेजारी लवू, त्याच मजल्यावरचा, लहानपणापासूनचा दोस्त. दोघांमध्ये हातभर दोरी. एक टोक सर्वेशच्या उजव्या मनगटात, दुसरं लवूच्या हातात. "खड्डा", "उतार", "कुत्रा", असं लवू सांगत जायचा. दम लागला की बोलणं बंद. मग दोरी बोलायची. ओढ लागली की वळ, झटका बसला की पाय उचल. दमलेल्याने तोंड उघडायचं नाही, हा दोघांचा नियम.

घात त्या नियमानेच केला.

जानेवारीत पूर्ण मॅरेथॉन होती. सर्वेशला ती चार तासांच्या आत हवी होती. त्याआधीची ही सगळ्यात लांब धाव, चारकोप ते मढ आणि परत. लवू आज टिकला तरच मॅरेथॉन. दुसरा सोबती मिळत नव्हता, कारण आधीचे सगळे सर्वेशच्या जिभेला कंटाळून गेले होते.

मढच्या धक्क्याला हात लावून दोघे फिरले. एरंगळ येईपर्यंत लवूचा श्वास फाटायला लागला.

"लवू, भाता फुटला काय रे तुझा?"

"जरा... हळू."

"आंधळा मी आणि चाचपडतोयस तू. झकास जोडी आहे."

घाबरला की लवू मालवणीवर यायचा. "सर्वेशा, माका जरा बसूंदे. छातीत दुकता."

"बायकोला पण हेच सांगतोस काय?"

लवू थांबलाच. दोरी ताणली आणि सर्वेशलाही थांबावं लागलं. मग सर्वेश जे बोलला ते त्याने बोलायला नको होतं.

"बस तू. कायमचा बस. ह्या रस्त्यावरून जो कोण जात असेल तो धरेल माझी दोरी. कोणीपण चालेल मला."

लवूने टोक सोडलं.

कठड्यावर टेकल्याचा आवाज. बाटलीचं झाकण. एक घोट.

मग काहीच नाही...

आणि दोरी ताणली गेली.

सर्वेश हसला. "आलास ना ताळ्यावर?"

उत्तर नाही. दमला असेल. रुसलाही असेल. सर्वेश पळायला लागला.

आणि काय पळाला म्हणता. खड्ड्याआधी नेमका झटका, वळणाआधी नेमकी ओढ. त्याच्या कानात फोनमधली बाई मधूनमधून वेग सांगायची. एवढा वेग तिने कधी सांगितला नव्हता.

अक्सा आलं. समुद्राची गाज ऐकू आली. फारच स्वच्छ ऐकू आली...

तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

शेजारी धाप नव्हती.

बुटांचा आवाज नव्हता.

रस्त्यावर पावलं वाजत होती ती त्याच्या एकट्याची.

"लवू?"

दोरी घट्ट झाली.

रस्त्याकडेला एक कोळीण रिक्षाची वाट बघत उभी असावी. तिचा आवाज आला. "अरे पोरा, ह्यो तुझ्यासंगं कोन..."

वाक्य पुरं झालंच नाही. मासळीची पाटी रस्त्यावर आपटली, आणि चपला फटफटत लांब गेल्या.

इतक्यात दंडावरचा फोन वाजला. त्याचा फोन नाव बोलून दाखवायचा.

लवू परब.

"खंय गेलंस तू?" लवूचा आवाज विझत चालला होता. "मी हयच आसंय. डावो हात उचलना नाय. कोणाक तरी घेवन ये रे."

आता तुम्ही म्हणाल, सर्वेशला भुताने ओढत नेलं. साफ खोटं. त्यानेच मला सांगितलं, त्या क्षणी दोरी सैल झाली होती. पार सैल. जणू त्यालाच विचारत होती...

कानातल्या बाईने वेग सांगितला.

"रिक्षा कर आणि घरी जा," सर्वेश म्हणाला आणि फोन कापला.

मग त्याने स्वतःच दोरीला हलका झटका दिला. चल.

चारकोपच्या नाक्यावर पोचला तेव्हा तो हसत होता. लवूला एरंगळच्या कठड्याखाली एका पाववाल्याने पाहिलं. डॉक्टर म्हणाले, थोडा आधी आणला असता तर वाचला असता.

तेरावं झाल्यावर सर्वेशने दोरी जाळली. गॅसवर, आईसमोर.

दुसऱ्या पहाटे त्याचा उजवा हात आपोआप पुढे ताणला गेला.

तेव्हापासून तो रोज पळतो. अंगात ताप असो, पाय सुजलेले असोत. मॅरेथॉनच्या दिवशीही पळाला, पण मॅरेथॉनमध्ये नाही. मढच्या रस्त्यावर. नेणाऱ्याने नेलं तिकडे.

सोसायटीवाले गॅलरीतून टाळ्या वाजवतात. काय जिद्द आहे पोराची, म्हणतात. यंदाच्या सत्यनारायणाला शाल-श्रीफळ द्यायचंही ठरलंय. त्याची आई, वनमालाबाई, तेवढी टाळ्या ऐकल्या की खिडकी लावून घेते.

मी फाटकाशी उभा असायचो. जवळून जाताना त्याचं पुटपुटणं कानावर यायचं. "सोड ना... आता सोड ना रे."

आता मी खाली उतरत नाही. इतके दिवस त्याचा उजवा हात ताणलेला असायचा.

परवा पाहिला.

डावाही ताणलेला होता.