येतंय, पण जात नाही

सोमवारी शटल रिक्षात मागे चौघं दाटीवाटीने बसली होती आणि धनश्रीच्या मांडीवर सीपीयू होता. सुरतच्या रिंग रोडवरच्या दुकानदाराने तो उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. "आठवडा लागेल," एवढंच म्हणाला. धनश्रीकडे आठवडा नव्हता, शनिवारपर्यंतची मुदत होती. म्हणून ती जशी गेली तशीच, तो लोखंडी डबा पोटाशी धरून, पर्वत पाटियाकडे परत निघाली होती. ओठ घट्ट मिटून.

सहारा दरवाजाला एक उंच, किडकिडीत तरुण आत शिरला आणि तिच्या शेजारी जेमतेम टेकला. त्याने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"केटला दिवसथी बीमार छे?"

"कोण?" धनश्रीने भुवई वर केली.

"आ." त्याने सीपीयूवर हलकेच टिचकी मारली.

धनश्रीने डबा पलीकडे सरकवला आणि रस्त्याकडे पाहू लागली. अनोळखी माणसाशी रिक्षात काय बोलायचं! तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हां माय… माले उशीर व्हई. तू जेवी ले, मनी वाट नको देखू."

गुजराती, हिंदी, हॉर्न आणि धूर यांच्या मधोमध ते अहिराणी शब्द असे टपकले की धनश्रीची मान आपोआप वळली. आणि तोंडातून निघूनच गेलं, "कोनता गावना?"

तो दचकला, मग मोठ्ठा हसला. "शिरपूर. तुम्ही?"

"पारोळा." एवढं बोलून तिला वाटलं, जरा जास्तच झालं. पण आता डबा तिने पुन्हा मधे घेतला होता.

त्याचं नाव वाल्मिक. पर्वत पाटियाच्या एका मार्केटच्या तळघरात जिन्याखाली त्याचं टेबल होतं. त्यावर एक लॅपटॉप, एक स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि मागे पाटी, 'कॉम्प्युटर रिपेरिंग'. धनश्रीचं ऑफिस त्याच मार्केटात, चौथ्या मजल्यावर. त्याचं टेबल लागल्यापासून सहा महिने दोघं एकाच जिन्याने चढत-उतरत होती आणि एकमेकांना कधी दिसली नव्हती.

रिक्षातून उतरून दोघं त्या टेबलापाशीच आली. वाल्मिकने डबा उघडला, फुंकर मारून धूळ उडवली, वायरी लावून पाहिल्या. "बोर्ड गेला," तो म्हणाला, "पण डिस्क जिवंत आहे. ती काढून वेगळ्या केसमध्ये घालून देतो. नवीन कॉम्प्युटर आहे?"

"आहे. पण त्यात मेल नाही. आमचे शेठ मगनभाई म्हणतात, शनिवारपर्यंत मेलचा प्रोग्राम चालू झाला नाही, तर ते बाहेरून माणूस आणतील." ती थांबली. "आणि मी परत वर. मशीनवर."

वर म्हणजे पाचव्या मजल्यावर, एम्ब्रॉयडरीच्या मशीनांच्या धडधडाटात. चार वर्षं धनश्री तिथे साड्यांचे लोंबते धागे कापत होती. दिवाळीनंतर मगनभाईंच्या मागे लागून लागून तिने खालच्या ऑफिसातली खुर्ची मिळवली होती. साडीची डिझाइन पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, मेलने पाठवायची, पार्टीने पास केली की वर कळवायचं, हे तिचं काम. खुर्चीत बसून दीड महिना झाला नाही, तर तो जुना कॉम्प्युटरच बसला.

"एवढंच ना? थंडरबर्ड टाकून देतो. वीस मिनिटांचं काम," वाल्मिक उठलाच.

"नको."

"नको?"

"तुम्ही टाकलंत तर पुन्हा बंद पडल्यावर पुन्हा तुम्हीच लागाल."

"मग…" तो गालात हसला, "त्यात वाईट काय?"

धनश्रीचे कान तापले. पण आवाज तिने हलू दिला नाही. "मला शिकवा. दुपारच्या सुटीत. आणि तुम्ही हात लावायचा नाही, फक्त सांगायचं."

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. वाल्मिकने लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला आणि दोन्ही हात खिशात घातले.

नाव, मेलचा पत्ता, पासवर्ड… इथपर्यंत सोपं होतं. मग सर्व्हर आला, पोर्ट आला, आणि 'आयमॅप' की 'पॉप' असा प्रश्न आला.

"म्हणजे काय?" तिने पेन उघडलं.

"असं समजा, आपलं टपाल पोस्टात आलंय. आयमॅप म्हणजे टपाल पोस्टातच राहतं, आपण जाऊन वाचायचं. पॉप म्हणजे सगळं उचलून घरी आणायचं, तिथे मग काही उरत नाही."

"मग आयमॅपच बरं," म्हणत तिने वहीत लिहून घेतलं. आकडे तपासून बटण दाबलं. चाक फिरलं… फिरलं… आणि पडद्यावर मेल एकाखाली एक उतरू लागले. धनश्रीने श्वास सोडला. पण तिने स्वतः लिहिलेला मेल काही केल्या बाहेर पडेना.

"येतंय, पण जात नाही," ती वैतागली.

"माझंही तसंच आहे," वाल्मिक हळूच म्हणाला.

"काय?"

"काही नाही… जाणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा असतो. त्याला पासवर्ड लागतो, तो तुम्ही दिलाच नाही. खाली बघा, तिसरी ओळ."

तिने तिसरी ओळ बदलली. विषय लिहिला 'टेस्ट', खाली लिहिलं 'पोचलं का?' आणि वाल्मिकच्या पत्त्यावर पाठवलं. त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने तिच्या शेजारी बसूनच उत्तर टाइप केलं. लॅपटॉपवर ते उमटलं —

'पोचलं. तुमच्या केसात लाल धागा अडकलाय.'

धनश्रीचा हात केसांकडे गेला. धागा खरंच होता. तो काढताना ती पडद्याकडेच पाहत राहिली. शेजारी बघायची सोयच नव्हती.

"जमलं की तुम्हाला!" वाल्मिक म्हणाला.

"आता हे सगळं काढून टाकायचं कसं ते सांगा."

"अहो, चालू झालंय!"

"म्हणूनच. पुन्हा जमतं का, ते बघायचंय."

त्या दुपारी तिने खातं चार वेळा जोडलं आणि चार वेळा काढलं. चौथ्या वेळी वही मिटलेली होती. वाल्मिकचा चहा तोवर थंड झाला होता आणि एक गिऱ्हाईक वाट पाहून निघून गेलं होतं. त्याला दोन्हींचं काही वाटलं नाही.

बुधवारी तिने ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर एकटीने सगळं जोडलं. येणारे मेल येऊ लागले, जाणारे जाऊ लागले. गुरुवारी ती पार्टीवार फोल्डर करायला शिकली. आणि शुक्रवारी वाल्मिक म्हणाला, "आज जुने मेल कसे आणायचे ते दाखवतो. पण आधी पोंक खायला चला, पाच मिनिटं."

कोपऱ्यावर गाडी लागली होती. हिरवेगार कोवळे दाणे, वर शेव, वर लिंबू.

"हा तर आपला हुरडा," धनश्री म्हणाली.

"हळू बोला, सुरती माणूस ऐकेल." वाल्मिकने तिच्या द्रोणात आणखी लिंबू पिळलं. लिंबाचा एक थेंब तिच्या मनगटावर उडाला. त्याने रुमाल पुढे केला, तिने तो घेतला… आणि परत द्यायला जरा वेळ लावला. पाच मिनिटांची चाळीस मिनिटं कशी झाली, कळलंच नाही. जुने मेल राहिले ते राहिलेच.

"उद्या मी नसेन," जिन्यापाशी तो म्हणाला. "हजीऱ्याला एका कंपनीत मुलाखत आहे. कॉम्प्युटर सांभाळायचं काम. पक्की नोकरी…"

"जा की मग," धनश्री म्हणाली. आणि वर चढताना तिला उगाचच जिना लांब वाटला.

शनिवारी सकाळी अकराला मगनभाई केबिनमधून ओरडले. कोलकात्याची पार्टी फोनवर होती. पार्टीचं म्हणणं, मोराच्या पदराचं डिझाइन आम्ही पास केलंच नव्हतं, सगळ्या साड्या परत घ्या.

"श्रावणात पास केलं होतं, मला बराबर याद आहे. तो मेल काढ," मगनभाईंनी फोनवर हात ठेवला. "अर्ध्या तासात."

धनश्रीने शोधलं. मेल फक्त या आठवड्याचे होते. त्याआधीचं काहीच नाही. तिने वाल्मिकला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. सात वेळा लावल्यावर तिला आठवलं, हजीऱ्याच्या कंपन्यांत मोबाईल गेटवरच ठेवून घेतात.

तिने डोळे मिटून विचार केला. पोस्टात काही नाही. का नाही? कारण जुन्या कॉम्प्युटरवर पॉप असणार. सगळं टपाल त्याने घरी नेलेलं. मग घर कुठलं? ती जुनी डिस्क!

तिने ड्रॉवरमधून डिस्क काढून मशीनला जोडली. जुन्या फोल्डरांत शोधलं, काही मिळेना. लपवलेले फोल्डर दाखवायची खूण केली तेव्हा कुठे थंडरबर्डचं नाव दिसलं. आत 'इनबॉक्स' नावाची एकच फाइल, पण केवढी थोरली! तिने तिची कॉपी काढून नव्या मशीनवरच्या तशाच जागी ठेवली. नाव दिलं 'जुने'. प्रोग्रामकडे पाहिलं… काहीच नाही. वीस मिनिटं गेली होती. केबिनच्या काचेतून मगनभाई घड्याळ पाहत होते.

"असं कसं नाही," ती स्वतःशीच म्हणाली. उघड्या प्रोग्रामला नवं फोल्डर दिसलंच नसेल तर? तिने प्रोग्राम बंद केला. पुन्हा उघडला.

डाव्या बाजूला 'जुने' उभं होतं. आत हजारो मेल. शोधाच्या चौकटीत तिने पार्टीचं नाव टाकलं, मग 'पीकॉक'. तिसराच मेल. 'पीकॉक पल्लू ओके, माल चालू करो.' खाली तारीख, खाली पार्टीच्या शेठची सही. तिने तो पार्टीला पुढे पाठवला आणि केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली.

"गेला, शेठ. त्यांना म्हणावं, बघा."

पलीकडच्याने मेल उघडून पाहिला आणि माफी मागितली. मग मगनभाई हसून "कंई वांधो नहीं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी धनश्रीकडे पाहिलं. "माणूस आणायची जरूर नथी," ते म्हणाले. "बेस, चा पी."

संध्याकाळी वाल्मिक मार्केटच्या दाराशी धावतच आला. शर्टाची इस्त्री मोडली होती. "फोन चालू केला तर सात मिस्ड कॉलचे मेसेज! काय झालं? कालच दाखवायला हवं होतं मी… चुकलं माझं."

धनश्रीने सगळं सांगितलं, लपलेल्या फोल्डरापासून चहापर्यंत. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळत गेला, आणि शेवटी एकदम उतरला.

"मला घेतलं त्यांनी," तो म्हणाला. "पंधरा तारखेपासून. तिथेच राहायचं, रविवारी सुटी. टेबल बंद करावं लागेल… तुम्हाला तर आता माझी गरजही नाही."

"नाही," धनश्री म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"कामासाठी नाही गरज. म्हणूनच आता सांगता येतं." तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं, पण नजर हलवली नाही. "गरज असताना म्हटलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, मेलसाठी म्हणते. वाल्मिक, मला तू आवडतोस."

मागून हातगाडीवाला ओरडत होता, "बाजू, बाजू!" दोघंही हलली नाहीत.

"मी… मी गेल्या सोमवारपासून म्हणेन म्हणत होतो," तो कसाबसा म्हणाला.

"मग म्हण ना."

"आवडतेस. रिक्षात डबा पलीकडे सरकवलास ना… तेव्हापासून."

रविवारी वाल्मिक डिंडोलीला तिच्या घरी आला. धनश्रीने आईवडिलांना आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. तिची आई, मालतीबाई, खाली बसून साडीला खडे चिकटवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. वडिलांनी, हिलालभाऊंनी, गाव विचारलं, घरची माणसं विचारली, हजीऱ्याचं काम विचारलं. मग दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "पोरगी तर कालच म्हनी, 'मी यासनासंगेच लगन करसू.' आता तिन्हापुढे आमनं काय चालस!"

तरी मालतीबाई खडेच चिकटवत राहिल्या. धनश्रीने आईकडे पाहिलं. मग मालतीबाईंनी साडीचं दुसरं टोक उचलून वाल्मिकच्या गुडघ्यावर टाकलं, डिंकाची बाटली आणि खड्यांची वाटी पुढे सरकवली.

"रिकामा नको बशी राहू, पोरा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळले साडी देनी शे."

वाल्मिकने पहिला खडा लावला. तो वाकडा लागला. धनश्री हसत त्याच्या शेजारी येऊन बसली.