आतून कडी

बसा, तिथे खिडकीशी बसा. दिवा असू दे, माझी हरकत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर भुताखेतांच्या गोष्टी सांगत बसणाऱ्यांतली मी नव्हे. तेवढा वेळच नसायचा मला. आणि ती सकाळ तर अगदीच साधी होती. मिस्त्रींना माळा दाखवायला मी वर घेऊन गेले होते, एका हातात टेप, दुसऱ्या हातात जळमटं काढायला झाडू.

आमचं घर जुनं, इतकं जुनं की सरकारने बाहेर ऐतिहासिक म्हणून पाटी ठोकली आहे. पाटी लागली की घराला मान मिळतो आणि घरातल्यांचे हाल सुरू होतात. बाहेरून एक खिळा मारायचा तरी परवानगी, खोली वाढवायचं तर नावच काढू नका. आत मात्र काय हवं ते करा म्हणाले, आणि आत उरला होता फक्त माळा. खाली सासूबाईंची एक खोली, मुलांची एक, आणि मी नि माझा नवरा मधल्या खोलीत. मधली खोली कसली, रस्ताच तो. ज्याला पाणी प्यायचं, ज्याला बाथरूमला जायचं, तो आमच्या उशाशी ठेचकाळत जाणार. लग्न झाल्यापासून मी दार लावून पडलेली नाही. मला दागिने नको होते, सहली नको होत्या. आतून कडी घालता येईल अशी एक खोली हवी होती, बस्स.

आता आमच्या घरची रीत सांगते. सासूबाई आणि मी भांडत नसू. आम्ही सरळ बोलतच नसू, मग भांडणार कुठून? भाजी खारट झाली तर त्या आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगणार, तो मला सांगणार, मी त्याला झापणार आणि तो त्यातलं निम्मं गाळून त्यांना पोचवणार. तो दुसरं काही धड करत नसला तरी निरोप्या म्हणून पहिल्या नंबरचा. माळ्याचंही तसंच. सासूबाईंना तिथे पाहुण्यांची सोय हवी होती, मला माझी. निरोप जात होते, येत होते, आणि काम सुरू झालं होतं.

मिस्त्री हाताचे फार चांगले, पण एक खोड. काम करताना मान वर करायची नाही. पेन्सिल दातांत, डोळा रंध्यावर. पाठीमागून कोणी काही सांगितलं की ‘हो बाई’ म्हणायचं आणि करून मोकळं व्हायचं. कोण बोललं ते वळून बघायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

मी उतरत्या छपराखाली कपाट सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी वर जाऊन बघते तर तिथे खिडकीला लागून बैठक, ऐसपैस पाय पसरता येतील अशी. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाले, बाईंनी. घरात बाया दोन. मी सांगितलं नव्हतं, म्हणजे सासूबाईंनी. मी नवऱ्याला फैलावर घेतलं. तो बिचारा खाली गेला आणि निरोप घेऊन आला, की तिला हवं ते करू दे, पण वर मलाच जाब विचारायचं नाटक नको. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण खरी चीड पुढेच. त्या बैठकीवर मी टेकले आणि मला उठवेना. पाठीला टेका बरोबर, उजेड बरोबर, शेजारच्या झाडाची सावली बरोबर मांडीपर्यंत येऊन थांबलेली. भुशाच्या वासात मधूनच एक वेगळा वास यायचा, नुकत्या इस्त्री केलेल्या कपड्यांचा. मग दिवसागणिक काहीतरी बदलायचंच. रंग मी पांढरा सांगितला होता, झाला फिकट हिरवा, आणि तो जास्त छान दिसत होता. पलंगाजवळचं दिव्याचं बटण मी उजवीकडे सांगितलं होतं. ते मिस्त्रींनी डावीकडे घेतलं.

मी डाव्या कुशीवर पडून वाचते. हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. सांगताना माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं. ते बटण बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. इतकी वर्षं ज्यांना मी मनातल्या मनात नको नको ते बोलले, त्या माउलीचं माझ्यावर एवढं लक्ष होतं. मी तशीच खाली गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदा निरोप्याला बाजूला सारून त्यांच्यापुढे उभी राहिले.

“आई, बटण डावीकडे घेतलंत... फार बरं केलंत.”

त्यांनी पेपर खाली ठेवला. “कुठलं बटण?”

“वरचं. मिस्त्रींना सांगितलंत ना तुम्ही?”

“मी?” त्या हळूच म्हणाल्या. “अगं, माझे हे गुडघे. माळ्याचा जिना मी चढल्याला जमाना झाला... ते सगळं तूच करून घेत होतीस ना?”

वरून रंध्याचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला आणि मिस्त्री म्हणाले, “हो बाई.”

आम्ही दोघींनी एकमेकींचा हात कधी धरला, कळलं नाही. गुडघे विसरून त्या माझ्यासोबत वर आल्या. मी दारातूनच विचारलं, की मिस्त्री, तुम्हाला कोण सांगतं हे सगळं.

“त्याच की,” ते खाली बघतच म्हणाले. “मागे बैठकीवर बसतात त्या...”

मग त्यांनी मान वर केली. सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश मागे बघितलं. बैठक रिकामी होती. मिस्त्रींनी पेन्सिल दातांतून काढून कानावर ठेवली, जिना उतरले आणि गेले. हत्यारं न्यायला मेहुण्याला पाठवलं, तोही वर यायला तयार होईना. दाराची कडी तेवढी राहिली होती, ती मीच बसवली.

हो, बसवलीच. नवऱ्याला एकाएकी मधली खोली हवेशीर वाटायला लागली होती. सासूबाई आता थेट माझ्याशी बोलायच्या, वर जाऊ नकोस गं म्हणून विनवायच्या. नवऱ्याच्या हाताला कामच उरलं नव्हतं. मी म्हटलं, आई, जी कोणी आहे ती असू दे, निदान बाथरूमला जायला माझ्या उशाशी ठेचकाळणार तर नाही. एवढ्या वर्षांनी मिळालेली खोली मी भुताच्या घशात घालणार नव्हते.

जेवणं उरकल्यावर दुपारी पुस्तक घेऊन मी वर गेले. कडी लावली. तिचा तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. डाव्या कुशीवर पडले. इस्त्रीचा वास कुठेच नव्हता.

खालून सासूबाईंची हाक आली, चहा टाकतेस का म्हणून. मी ओ दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम ओ दिली नाही, आणि पांघरुणात हसले. दुसरी हाक आली. हाका मारून दमतील आणि करतील आपला आपण, असं मी म्हणतेय तोच खाली स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

“आले हं, आई...”

आवाज माझा होता. अगदी माझाच, फक्त त्यात माझी कुरकुर नव्हती.

भांडं ओट्यावर ठेवल्याचं ऐकू आलं, कपबशा वाजल्या. नवरा चहाची तारीफ करत होता. मुलं शाळेतून आली, त्यांची दप्तरं कोणीतरी लाडाने उतरवून घेतली. आणि सासूबाई हसल्या. खळखळून हसल्या. माझ्याशी बोलताना त्या अशा कधी हसल्या नव्हत्या, आणि मला भीतीच्याही आधी वाईट वाटलं.

मग लख्ख कळलं. बैठक, रंग, बटण, यातलं काही तिने स्वतःसाठी करून घेतलं नव्हतं. तिला या खोलीत राहायचंच नव्हतं. मी इथे सुखाने राहावं, एवढीच तिची इच्छा होती.

मी उठून कडी काढली. कडी निघाली, दार उघडेना. ओढलं, ढकललं, मुलांना हाका मारल्या, दोन्ही हातांनी दार बडवलं.

“वर काय वाजतंय गं?” सासूबाईंनी विचारलं.

“वाजू दे, आई,” माझा आवाज मायेने म्हणाला. “जुनं घर आहे... चहा घ्या, निवतोय.”