खिडकीतली बाई

“आली! पुन्हा आली ही बया!”

जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून ती हे स्वतःशीच म्हणाली, पण आवाज असा खणखणीत की खालच्या मजल्यालाही ऐकू जावा. वरच्या खोलीतले दिवे गेले होते. जिन्यात खिडकी होती, थोडाफार उजेड होता, म्हणून प्रकाशन संस्थेची ही मुद्रितशोधक मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन तिथंच ठाण मांडून बसली होती. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका अचूक पकडते म्हणून ऑफिसात तिला सगळे ‘चिमटी’च म्हणत.

“कोण आली?”

खाली एकजण निथळती छत्री मिटत उभा होता. वाट अडलेली, त्यामुळे बिचारा पुढे येईना.

“अहो, खिडकीतली बाई! या लेखकाचं हे सातवं पुस्तक. कधी नायिका शिक्षिका, कधी नर्स, आता म्हणे वैमानिक. पण बाई तीच! लांब वेणी, डाव्या गालावर तीळ, आणि जरा कुठं खुट्ट झालं की खिडकीपाशी जाऊन उभी. घराला आग लागली तरी ही खिडकीपाशी!”

“आग लागल्यावर खिडकीपाशी जाणं शहाणपणाचंच की.”

चिमटी खळखळून हसली. माणूस बरा दिसत होता. डोळ्यांत मिस्कीलपणा होता, आणि शर्टाची एक बाही पार भिजली होती.

“तुम्ही वाचलीयत वाटतं यांची पुस्तकं?”

“वाचलीयत ना...” तो छत्रीकडे बघत म्हणाला, “लिहिता लिहिता.”

तिचा चेहरा खर्रकन उतरला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण जिन्यात कुठली आलीय धरणी!

तेवढ्यात वरून संस्थेच्या मालकीणबाईंनी हाक मारली, आणि दोघांनाही समोर उभं करून बाईंनी आपला निकाल सुनावला. “सातवं छापते. पण आठव्यात हीच बाई आली, तर बाड तसंच परत! वाचक आता पत्रं पाठवून विचारतात, की ही खिडकी बंद कधी होणार? चिमटे, तू दर गुरुवारी यांच्याकडे जायचंस. लिहून झालेलं प्रकरण तिथंच तपासायचं.”

झालं! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं लेखक पुटपुटला. यातला चोर नेमका कोण, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

आता चिमटीची एक खास वही होती. प्रत्येक कादंबरीतल्या प्रत्येक माणसाचं वय, केस, डोळे, सवयी ती त्यात टिपून ठेवायची, म्हणजे दहाव्या पानावरचे काळे डोळे नव्वदाव्या पानावर घारे व्हायला नकोत. पहिल्या गुरुवारी जाण्याआधी तिनं सात नायिकांची सात पानं शेजारी शेजारी उघडली, आणि ती चक्रावलीच. सातही जणींना उजवा गालच नव्हता! डावा गाल, डावा कान, डाव्या खांद्यावर वेणी... समोर म्हणून कुणी बघतच नव्हती. कोण असेल ही? तिला काही चैन पडेना.

पहिल्याच गुरुवारी तिनं विचारून टाकलं, “तुमच्या नायिकांना उजवा गाल का नाही हो?”

तो दाण्यांचा डबा पुढे सरकवत म्हणाला, “तुम्ही माणसं वाचता की मोजता?”

“आधी मोजते. हिशेब जुळला, तर वाचते.”

“मग माझा जुळतोय का?”

“तुमच्या खाऱ्या दाण्यांचा जुळतोय,” ती म्हणाली आणि मूठभर उचलले.

असे चार गुरुवार गेले. ती भांडायची, तो हसायचा. एखादं वाक्य वाचताना ती थांबली, की तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा आणि तिनं मान वर केली की घाईघाईनं चहाचा कप उचलायचा. कप पुष्कळदा रिकामाच असायचा. आणि बुधवारी संध्याकाळी उद्याच्या कपड्यांना इस्त्री करताना चिमटी गुणगुणायला लागली, हे घरात ताईनं सगळ्यांत आधी हेरलं.

पाचव्या गुरुवारी टेबलावरचा पुस्तकांचा ढीग कलला, आणि मागची फ्रेम दिसली. फ्रेममध्ये एक बाई. लांब वेणी. डाव्या गालावर तीळ. खिडकीपाशी उभी, बाहेर बघणारी.

चिमटीनं हातातलं पान खाली ठेवलं. म्हणजे ही खरीच आहे तर! सात पुस्तकं लिहूनही जिला हा माणूस विसरत नाही, तिच्यापुढे आपण कोण? तिनं प्रकरण पिशवीत कोंबलं, “घरी तपासते,” म्हणाली आणि चहा न घेताच निघाली.

“सरळ विचार ना, बाई कोण म्हणून,” ताई म्हणाली.

“आणि खरंच कोणी असली तर?”

“तर चहा पिऊन घरी ये. रडायला माझा खांदा आहेच.”

त्या आठवड्यात तिनं दात-ओठ खात ते प्रकरण तपासलं. नवी नायिका पोहायला शिकवणारी होती. वेणी नाही, तीळ नाही, खिडकी तर नाहीच. पण चुका? चुकांचा नुसता सुळसुळाट! गुरुवारी ती त्याच्यासमोर ताठ बसून एकेक वाचायला लागली.

“पान एकशे बारा. नायिकेच्या अंबाड्यात तांबडी पेन्सिल. कुठून आली? ही पाण्यात उतरणारी बाई आहे.”

“हं...”

“एकशे पंधरा. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधते. हिला चष्मा आहे, हे आधी कुठंही आलेलं नाही.”

“खरंय.”

“एकशे वीस. लिफ्ट असताना जिन्यात बसून वाचते. का? आणि हसताय काय? दुरुस्त करा!”

“नाही होत,” तो हळूच म्हणाला. “तीनदा खोडलं. पुन्हा तसंच लिहिलं जातं.”

आता मात्र तिचा बांध फुटला. तिनं फ्रेमकडे बोट केलं. “तशीच ही सात वेळा लिहिली गेली असणार. कोण आहे ती? खरं सांगा. मला... मला वहीत नोंद करायचीय.”

त्यानं फ्रेम उचलली, मागचा पुठ्ठा काढला आणि चित्र तिच्या हातात दिलं. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘सहा बाय आठ. काच वेगळी मिळेल.’

“फ्रेम विकत आणली तेव्हा ही आतच होती,” तो म्हणाला. “दुकानातली. घालायला माझ्याकडे कुणाचा फोटोच नव्हता हो. लिहायला बसलो की समोर हीच. हिचा उजवा गाल मी तरी कुठं पाहिलाय?”

चिमटी आधी बघतच राहिली. मग जी हसत सुटली, की डोळ्यांतून पाणीच आलं. ते पुसायला चष्मा काढावा म्हणून तिनं नाकाकडे हात नेला. नाकावर चष्मा नव्हता. तो डोक्यावर होता. चाचपताना बोटांना अंबाड्यातली पेन्सिल लागली.

तांबडी.

“अगंबाई...” एवढंच तिच्या तोंडून निघालं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

मग तिनं मान वर केली. “म्हणजे आता पुढची सात पुस्तकं अंबाड्यात पेन्सिल? मी फ्रेममध्ये बसणारी नाही हं, आधीच सांगते. मी चिडते, भांडते, एखाद्या दिवशी केससुद्धा कापून टाकीन.”

“टाका ना. ती सात वर्षांत एकदाही बोलली नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी माझी सालटी काढलीत.” तो अडखळला. “मला तुम्ही आवडता. खूप. गुरुवारची वाट बघून बघून थकलो. रोज... रोज याल? माझ्या चुका काढायला?”

तिनं अंबाड्यातली पेन्सिल ओढली, केस खांद्यावर सुटले. पान एकशे बारावरचा आपलाच शेरा तिनं खोडला आणि शेजारी स्वच्छ अक्षरांत लिहिलं, ‘चूक नाही. तसंच राहू द्यावं.’

कागद त्याच्यापुढे सरकवून तिनं थेट त्याच्याकडे बघितलं, अगदी समोरून.

“आणि उजव्या गालावर,” ती म्हणाली, “मला खळी पडते. नोंद करून ठेव.”