रोशनीच्या पाठीतली गाठ

"ताई, माह्या मायवर जहर घातल्याचा आळ आला हाये," साहिल म्हणाला, "अन् बायकोच्या पायातला जीव गेला."

छाया भोयर वर्ध्यात खासगी तपासाची कामं करत. बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. सोबतीला दीर हरिदास. माणूस मनानं चांगला, डोकं तेवढं जरा निवांत चालायचं.

साहिलची सेलूजवळ भाजीपाल्याची शेती. लग्नानंतर बायको रोशनी पिवळी पडत गेली, पोट डावीकडून फुगलं आणि या आठवड्यात पाय बधिर झाले. साहिलची आई कुंताबाई तिला रोज काळा काढा पाजायची. त्यातच जहर आहे, असं रोशनीच्या आईचं, कोकिळाचं म्हणणं. उद्या सकाळी ती पोलिसांत जाणार होती. आणि उद्या सकाळीच डॉक्टर रोशनीच्या पाठीतल्या गाठीत सुई घालून तुकडा काढणार होते.

छायाबाईंनी पर्स उचलली. "चल, दवाखान्यात जाऊ."

डॉ. सुरभी स्पष्ट बोलल्या. "मणक्याच्या दोन्ही बाजूंना गाठी आहेत, त्या मज्जारज्जू दाबतायत. रक्त फार कमी. कॅन्सरची शंका आहे."

"दुसरं काही असू शकतं?"

"हाडांतल्या मज्जेला रक्त बनवणं झेपेनासं झालं, की शरीर ते काम प्लीहेत, यकृतात, कधी मणक्याशेजारीही सुरू करतं. पण त्यामागे सहसा जुना रक्ताचा आजार असतो. आई तर शपथेवर सांगते, लग्नाआधी पोरगी आजारी नव्हती, रक्त कधी चढवलं नाही. रक्ताचा नमुना तपासणीला गेलाय, पण उत्तर येईपर्यंत थांबलो तर पाय वाचणार नाहीत."

"आणि गाठ तसलीच निघाली तर?"

"ती रक्तानं भरलेली असते. सुईनं आत रक्तस्राव झाला, तर पाय कायमचे जातील."

हरिदासचा चेहरा उतरला.

वॉर्डात सिस्टर रोशनीच्या उजव्या हातावर शीर शोधत होती. "सिस्टर, त्या हातची पळते," रोशनी हळूच म्हणाली. "डाव्या मनगटाची घ्या, अंगठ्याच्या वरची."

"पोरगी धीराची हाये," हरिदास पुटपुटला.

छायाबाई तिच्याजवळ बसल्या. "शाळेत असताना खेळायचीस का गं?"

"नाई जी. आमचा वर्ग वरच्या माळ्यावर होता, तेवढं चढतानाच दम लागे. मॅडम म्हणत, आळशी हाये."

बाहेर कुंताबाई थर्मास कवटाळून बसली होती. "गूळ, बीट, अन् रक्तवाढीच्या गोळ्या कुटून टाकल्या, बाई. लोखंडी कढईत उकळते म्हणून काळा दिसते. तिले न्हाऊ मी घालून राह्यली, खाऊ मी घालून राह्यली. जहर कायले देईन?"

छायाबाई नको म्हणेपर्यंत हरिदासनं झाकणभर काढा पिऊनही टाकला. "वहिनी, कडू हाये, पण मी त जिता हाव."

"थांबा जरा, एवढ्यात काय सांगता," छायाबाई वैतागून म्हणाल्या.

कोकिळा दुसऱ्या बाकावर होती. "माही पोरगी दवाखान्याची पायरी नाई चढली कधी," ती फणकारली. "महिन्या-दीड महिन्याले गिरडले नेत होती मी, बाबाच्या टेकडीवरच्या दर्ग्यावर. लगन होयेपर्यंतचा नवस होता, तो फिटला."

"टेकडी पायीच चढायची?"

"पायीच. एकदाबी मधात बसली नाई."

साहिललाही ते आठवत होतं. "सोयरीक झाल्यापासून पाहत होतो, गिरडवरून आली की चेहरा कसा टवटवीत दिसे. हळदीच्या आधीबी गेलती. लगनानंतर मी म्हटलं, नेतो. त सासूबाईनं नाई म्हटलं."

सकाळी रोशनीची ट्रॉली वॉर्डातून निघाली, तेव्हा छायाबाई दारात आडव्या उभ्या होत्या. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. आपण चुकलो तर पोरगी जन्माची अपंग होईल, हे त्यांना ठाऊक होतं.

"डॉक्टर, आधी माझं ऐका. हिला जहर कोणी दिलेलं नाही."

"मंग?" हरिदासनं विचारलं.

"शाळेचा एक माळा चढताना जिला दम लागतो, ती गिरडची टेकडी न बसता कशी चढेल? म्हणजे ती टेकडी चढलीच नाही. बरं, दवाखाना कधी न पाहिलेल्या मुलीला आपली कुठली शीर पळते, कुठली सापडते, हे कसं कळलं? हातात अनेकदा सुया टोचल्याशिवाय कळत नाही ते. आणि प्रत्येक खेपेनंतर चेहऱ्यावर टवटवी. ती उतरली की पुन्हा खेप. कोकिळाबाई, रक्त चढवायला कुठं नेत होता हिला?"

कोकिळा ट्रॉलीजवळ आली.

"नागपूरले," ती म्हणाली. "थॅलेसेमिया म्हणे डॉक्टर. लहानपणापासून चालू होतं. सांगतलं असतं त कोनं केली असती माही पोरगी? दर्ग्याचं नाव घेतलं की कोनी पुढं इचारत नाई. लगनानंतर वाटलं, आता मोठी झाली, निभून जाईन. तिलेबी माही शपथ घातली, कोनाले सांगू नको म्हणून."

"मग या बाईवर आळ का घेतला?" छायाबाईंचा आवाज चढला.

"खरं सांगता येत नोतं. कोनाचं तरी नाव घ्या लागलं."

डॉ. सुरभींनी ट्रॉली मागं फिरवली. "सुई रद्द. बाहेरून मिळणारं रक्त थांबलं, तेव्हा शरीरानं जिथं जमेल तिथं बनवायला घेतलं. त्याच या गाठी. साहिल, आधी रक्ताची सोय करा. गाठींना किरणं देऊ. काढा मात्र आजपासून बंद, या आजारात लोह अंगात साठतं."

"पाय?" साहिलनं विचारलं.

"आज नाही सांगता येणार."

साहिल रक्तपेढीकडं धावला. कुंताबाई थर्मास बाजूला ठेवून कोकिळासमोर आली.

"मले आधी सांगतलं असतं," ती म्हणाली, "त सोयरीक मोडलीच असती मी."

"म्हणूनच नाई सांगतलं," कोकिळा म्हणाली. "आता वापस पाठवान का तिले?"

ट्रॉलीवरची रोशनी सगळं ऐकत होती. तिनं पहिल्यांदाच आवाज चढवला.

"आधी मले उभी करा दोघीजनी. कोनाच्या घरी न्याचं, ते मंग ठरवा."