रविवारचा अर्धा तास

हातमोजा पडला तो नेमका दोघांच्या मधोमध.

थंडर बे शहराच्या इस्पितळात, हाडांच्या तपासणीच्या खोलीबाहेर, नोव्हेंबरातल्या एका कुंद सकाळी. बाहेर पावसात बर्फ मिसळून पडत होता. आयला निस्कानेनने मोज्याकडे पाहिलं, मग ज्याचा मोजा होता त्या उंच, दाढी वाढलेल्या माणसाकडे. तोही मोज्याकडेच पाहत होता. वाकायचं मात्र कोणी नाव काढेना.

"मला वाटलं, तुम्ही उचलाल," तो शेवटी म्हणाला.

"आणि मला वाटलं, बाप्या माणूस आहे, आपलं आपण उचलेल."

"वाकायला काय, वाकेन हो. पण पुन्हा वर कोण आणणार?"

आयलाला हसू फुटलं. गेल्या कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. "स्नायूंची सूज?" तिने विचारलं.

"सहा वर्षं झाली. तुम्हाला?"

"दोन."

दोघांनी बुटाच्या टोकाने तो मोजा भिंतीपर्यंत ढकलत नेला, भिंतीला टेकवून वर चढवायचा खटाटोप केला, आणि दोनदा तो पुन्हा घसरून खाली आला. शेवटी एका नर्सने येऊन उचलून दिला. जाताना तिने दोघांकडे असं पाहिलं, की शाळेतल्या मास्तरीणबाईंची आठवण व्हावी.

त्याचं नाव मार्सेल गॅन्यो. शहराला लागूनच्या विशाल तळ्याच्या काठाने तीन-साडेतीन तासांवर मॅरेथॉन नावाचं गाव आहे, तिथे तो शाळेच्या बसगाड्यांच्या फेऱ्या लावून द्यायचा. "राहतो मॅरेथॉनला आणि चार पायऱ्या चढल्या की धाप लागते," तो म्हणाला. "गावाने माझ्यावर खटलाच भरायला हवा."

आयला एकतीस वर्षांची होती आणि केस कापण्यात तिचा हात धरणारं शहरात कोणी नव्हतं. मग एक दिवस ते हातच खांद्यावर जाईनासे झाले. शरीर आपल्याच स्नायूंवर उलटलं होतं. ते आवरायला स्टेरॉइड सुरू झालं, आणि स्टेरॉइडने हाडं पोखरायला घेतली. चोर पकडायला ठेवलेल्या राखणदारानेच कणगीतलं धान्य खावं, तशातली गत. आता ती, जिथे केस कापायची त्याच दुकानात गल्ल्याशेजारी बसून फोन घ्यायची. औषधाने चेहरा गोल गरगरीत झाला होता. आरशांसमोर उभं राहून पोट भरणारी बाई आता आरशाकडे पाठ करून बसत होती.

तपासणीचा निकाल आला तो वाईटच. हाडांसाठी दर आठवड्याला घ्यायची एक गोळी तिला लिहून दिली गेली. मार्सेल तीच गोळी साडेचार वर्षं घेत होता. खाली उपाहारगृहात गुलाबी साखरपाकाचा पर्शियन नावाचा पाव खाता खाता त्याने तिला धडे दिले.

"रविवारी घ्यायची. उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. खायचं नाही, कॉफी नाही, काही नाही. नुसतं ताठ राहायचं."

"आणि करायचं काय अर्धा तास?"

"तोच तर प्रश्न आहे. माणसाला जन्माचा कंटाळा येतो." तो बशीकडे बघत म्हणाला, "तुमची हरकत नसेल तर... मला फोन करा. दोघं मिळून कंटाळू."

हरकत कसली! पहिल्या रविवारी ती पहाटेपासून ग्लास भरून बसली होती.

सकाळी आठ ते साडेआठ. आठवड्यातला तेवढाच वेळ तिला आपण आजारी आहोत असं वाटत नसे, आणि गंमत म्हणजे तोच वेळ औषधाचा होता.

"गिळलीस?"

"गिळली. तू?"

"केव्हाच. आज काय घातलंयस?"

"बहिणीचा जुना झगा आणि लोकरीचे मोजे. अगदी राणी दिसतेय."

"राणीसाहेब, ताठ उभ्या राहा. पोक काढू नका."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. नाताळात त्याने तिच्या पत्त्यावर जाड लोकरीची शाल पाठवली. तळं गोठलं, वितळलं. साडेआठ झाले की तो "चला, कॉफी" म्हणायचा, आणि ती फोन हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहायची. मनातलं मात्र तो कधी बोलला नाही. गोळीच्या आणि थट्टेच्या पलीकडचं एक अक्षर नाही. तीही बोलली नाही.

मे महिन्यात तिचे घास अडकू लागले. आधी सुकी भाकरी, मग तोच गुलाबी पाव, मग साधा बटाटासुद्धा. थोरली बहीण हेली जेवायला आली की टक लावून बघायची.

"आयला, बशीभर जेवायला तुला तास लागतो. डॉक्टरांना सांगितलंस का?"

"हळू खाल्लेलं अंगी लागतं," आयला म्हणाली.

आता खरं सांगायचं तर तिला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गिळायला जरा त्रास झाला तरी लगेच सांगायचं. गोळी घशात अडकून राहिली तर आतून जाळते. मग ती बंद करून वर्षातून एकदा शिरेतून औषध देऊ. वर्षातून एकदा! म्हणजे बावन्न रविवार गेले. गोळीच नसेल तर तो फोन उचलेल तरी कशाला? कोणत्या तोंडाने फोन करायचा?

जूनमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "गिळायला त्रास?"

"छे," ती म्हणाली. मूर्खपणा होता, दुसरा शब्द नाही. पण ज्याच्याजवळ आठवड्यातला अर्धाच तास उरलाय, त्याला शहाणपण शिकवणं सोपं असतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी गोळी मधेच अडकली.

"आज गप्प का?" मार्सेल विचारत होता. तिला उत्तर देता येईना. छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं झालं. मग खोकल्याची अशी उबळ आली की फोन हातातून सुटला, आणि त्या उबळीतच पाठीत काहीतरी कट्कन मोडलं. जमिनीवरच्या फोनमधून त्याचा आवाज येत राहिला... "आयला? आयला!" शाल पाठवली होती तो पत्ता त्याला पाठ होता. तीनशे किलोमीटरवरून त्यानेच रुग्णवाहिका बोलावली.

अन्ननलिकेला जखम. आणि एक मणका चेपलेला— नुसत्या खोकल्याने. "मे महिन्यातच सांगितलं असतंत, तर यातलं काही झालं नसतं," डॉक्टर म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच थकलेले दिसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. दोन परिचारिकांनी तिला पाठीच्या पट्ट्यासकट धरून वऱ्हांड्यातल्या सोफ्यावर बसवलं होतं. खिडकीबाहेर तळ्यावर धुकं होतं. तो काठी टेकत दाराशी आला आणि तिथेच थांबला. दहा महिन्यांनी ती त्याला पाहत होती.

"का नाही सांगितलंस?" ना नमस्कार, ना चमत्कार.

आयलाने मान फिरवली. "गोळी गेली असती... तर रविवार गेला असता."

तो काठीकडे बघत म्हणाला, "माझी गोळी मार्चमध्येच बंद झाली."

"काय?"

"पाच वर्षं होत आली, आता थांबवू, म्हणाले."

"अरे, पण तू दर रविवारी—"

"नुसतं पाणी प्यायचो. आणि उभा राहायचो स्वयंपाकघरात, साडेआठ वाजेपर्यंत. कॉफीसुद्धा घ्यायचो नाही. घेतली तर खोटं केल्यासारखं वाटलं असतं."

आयलाला रडू कोसळलं. रडलं की पाठीत कळ यायची, तरी ते थांबेना. "मार्चमध्ये सांगितलं असतंस, मार्सेल, तर मी मे महिन्यात..."

"हो," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "वाटभर तेच मनात होतं. मी भित्रा आहे, आणि मोडला तुझा मणका."

"मी बुटकी झालेय थोडी. आणखी होईन." तिने डोळे पुसले. "आज एक मोडला, उद्या दुसरा मोडेल. तुझंही धड काही नाही. आपल्या दोघांत कोण कोणाला उचलणार, सांग ना?"

"कोणीच नाही," तो म्हणाला. "तरी मला तू हवी आहेस. फोनवर नाही... अशी."

त्याने काठी भिंतीला टेकवली आणि सोफ्याकडे पाहिलं. सोफा होता जेमतेम गुडघ्याएवढा, खोल आणि मऊ. हा आजार असलेला माणूस असल्या सोफ्याच्या वाटेला जात नाही. मांड्यांत जोर नसतो. एकदा आत गेलं की दुसऱ्याने वर काढेपर्यंत तिथेच.

"बसू नकोस," आयला घाईघाईने म्हणाली. "वेडा आहेस का? उठता येणार नाही तुला."

"ठाऊक आहे."

तो पाठमोरा झाला, मागे हात नेऊन सोफ्याचा काठ चाचपला आणि त्याने अंग सोडून दिलं. धप्पकन तिच्या शेजारी आला. तिची पाठ कळवळली. तिने ओठ चावला आणि त्याचा हात घट्ट धरला.

"परिचारिका सहा वाजेपर्यंत येणार नाही," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"न येऊ दे."