चोपदाराची बंदी

हिंगणघाटात जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग पडायला लागले की शहराच्या अंगावर बारीक रुई बसते. छपरांवर, विजेच्या तारांवर, टपरीवरच्या बरण्यांवर. त्या रुईतच प्रभाकररावांची सारी नोकरी गेली. कापसाची प्रत ठरवायचं त्यांचं काम. पुंजका चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि सांगून टाकायचं. मग शेतकरी चिडो की व्यापारी डोळे वटारो, प्रत बदलत नसे. निवृत्त झाल्यावर हाच हात त्यांनी कीर्तनकट्ट्यावर ठेवला.

कीर्तनकट्टा हा इंटरनेटवरचा चर्चामंच. बसस्थानकाजवळ मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या कैलासनं तो बांधून दिला होता. गावोगावचे लोक आपल्या देवळातल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण तिथं चढवत आणि खाली चर्चा चाले. कुणाचा पूर्वरंग लांबला, कुणाचं आख्यान रंगलं, कुणाच्या तबल्यानं बुवांना खाऊन टाकलं. व्हॉट्सअपवर सकाळच्या गुलाबांखाली कीर्तन गाडलं जातं. इथं तसं नव्हतं. इथं शिस्त होती. दिंडीत माणसं ओळीत ठेवणारा चोपदार असतो, तसे प्रभाकरराव कट्ट्याचे चोपदार. लोक त्यांना त्याच नावानं हाक मारत आणि ती हाक त्यांना पेढ्यासारखी गोड लागे.

नियम त्यांनीच घातले होते. आधी समज, मग ताकीद, मग बंदी, आणि बंदीचं कारण सगळ्यांसमोर लिहायचं. अंधारात कुणाचा गळा कापायचा नाही. शेवटचा नियम तर फक्त त्यांच्याच डोक्यात येऊ जाणे: चोपदाराची बंदी चुकीची ठरली, तर तीच बंदी चोपदारानं स्वतः भोगायची. असा नियम दुसऱ्या कुठल्या मंचावर असेल तर दाखवा, असं ते छाती काढून म्हणत. राजकारणाचे निरोप चढवले म्हणून त्यांनी सख्ख्या मेव्हण्यालाही बंदी घातली होती.

"माह्या भावाले हाकललं तुमी," कुंताबाई त्यांना म्हणाल्या होत्या. "आता दिवाळीले ओवाळायले तुमच्या कट्ट्याचे लोकं बोलावतो."

"त्याले समज देल्ली होती, ताकीद देल्ली होती. नियम म्हंजे नियम."

"हो बाप्पा. देवळात देव नाई तं चालते, चोपदार पायजे!"

प्रभाकरराव हसले होते. बायकोच्या टोमण्यातही त्यांना आपल्या कट्ट्याची स्तुतीच ऐकू आली.

कट्ट्यावर एक सदस्य होता. नाव नुसतं 'श्रोता'. ना फोटो, ना गाव. तो कधी वाद घालत नसे, कधी नमस्कारसुद्धा करत नसे. प्रत्येक कीर्तनाखाली एकच शब्द लिही: 'ऐकलं.' आधी लोकांना ते बरं वाटे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दीड तासाचं कीर्तन चढवलं की चढवता चढवता खाली 'ऐकलं' उमटलेलं असतं. अल्लीपूरचे मनोहरराव चांगले पेटीवादक, पण मोठे खोडकर. त्यांनी परीक्षा घेतली. कीर्तन म्हणून फिरत्या पंख्याची घरघर चढवून दिली.

त्याखाली 'ऐकलं' आलं नाही.

यावर खरं तर कुणीतरी थांबायला हवं होतं; न ऐकता त्यानं पंखा ओळखला कसा? पण लोकांना हसायचं होतं, ते हसले. मग चिडले. न ऐकता ऐकलं म्हणणं हे ढोंग, कीर्तनकाराचा अपमान, असं एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उचलून धरलं. प्रभाकररावांनी श्रोत्याला समज दिली. उत्तर आलं नाही, फक्त पुढच्या कीर्तनाखाली 'ऐकलं'. ताकीद दिली. तसंच. मग त्यांनी कारण लिहून बंदी घातली. 'नादाच्या दारात खोट्याला जागा नाही' असं एक घोटीव वाक्यही शेवटी जोडलं. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. त्या दिवशी त्यांनी जेवताना वरण दोनदा मागून घेतलं.

पुढचं कीर्तन सेलूकडून आलं. प्रभाकररावांनी कानाला लावलं. बुवांचा आवाज स्वच्छ, पेटी स्वच्छ, तबला स्वच्छ. बुवा म्हणाले, "विठ्ठल विठ्ठल!" आणि पुढे काहीच नाही. लोकांचा आवाज नाही. खोकला नाही, बांगडी वाजली नाही, लेकरू रडलं नाही. बुवांनी पुन्हा नाव घेतलं, आणि पुन्हा ते विहिरीत टाकलेल्या दगडासारखं गेलं, पण तळाला लागल्याचा आवाज काही आला नाही.

"फोन चुकीच्या बाजूनं ठेवला असन," कैलास म्हणाला. "काई फोन मांगचा आवाज कापून टाकते, काका."

हे पटण्यासारखं होतं. पण नंतरचं कीर्तनही तसंच आलं. त्यानंतरचंही. गावं वेगळी, फोन वेगळे. प्रभाकररावांनी अंगावर पडलेल्या गोष्टीची प्रत स्वतः पाहायची ठरवली. ते अल्लीपूरला गेले, सभामंडपात बसले. मंडप भरलेला. बुवांनी नाव घेतलं तशी शेजारच्या माणसांची तोंडं उघडली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. प्रभाकररावांनीही मोठ्यानं म्हटलं. गळ्यात थरथर कळली. कानाला काही आलं नाही. पूर्वरंग संपायच्या आतच बुवा थांबले, समोर पाहत राहिले, आणि उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले, "आज काहून कोनी आलं नाई?"

मनोहररावांची बोटं पेटीवर तशीच राहिली.

प्रभाकररावांना त्या बुवांपेक्षा आपल्या मोहिनीची धास्ती होती. त्यांची एकुलती एक पोर. नागपूरला नारदीय कीर्तन शिकून आली होती. चतुर्थीला केळझरच्या गणपतीसमोर तिचं पहिलं कीर्तन ठरलं होतं. नारदाच्या गादीवर घरची पोर उभी राहणार म्हणून प्रभाकररावांनी अर्ध्या जिल्ह्याला आमंत्रण दिलं होतं. ती घरात सराव करी तेव्हा ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जावं म्हणून.

अल्लीपूरहून परतले तेव्हा ती तंबोऱ्याचं यंत्र बंद करून बसली होती.

"बाबा, माह्यानं होत नाई."

"काऊन? आवाज बसला का?"

"आवाज नाई बसला. तोंडातून निंगते अन् निंगूनच जाते. वापस येत नाई. आई समोर बसून टाळ्या वाजवून राह्यली, तरी असं वाटते का घरात कोनीच नाई." ती हातांकडे पाहत होती. "असं गादीवर उभं राह्यलं तं मी मधातच थांबीन, बाबा. मंग जन्मात पुन्हा उभी नाई राह्यनार."

कुंताबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनी नवऱ्याला टोमणा मारला नाही. प्रभाकररावांना तेच जास्त लागलं.

ते तसेच कैलासच्या दुकानात गेले.

"त्या श्रोत्याची बंदी उठव."

कैलासनं बराच वेळ कळा दाबल्या. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला त्यानं नंतर ये म्हटलं. "काका, उठवू कोनाची? असा सदस्यच नाई."

"आपनच बंदी घातली न!"

"तुमची सूचना हाये. लोकायनं जोडलेले हात हायेत. त्याचे सारे 'ऐकलं' बी हायेत. पन त्याचं खातं कधी उघडलंच नाई कोनी. मी काय उघडू?"

बाहेर रस्त्यावरून कापसाची गाडी गेली. मागे रुई तरंगत राहिली. प्रभाकरराव तिच्याकडे पाहत होते. त्यांनी आयुष्यात दिलेली प्रत कधी मागे घेतली नव्हती, पण खोटी प्रत दिलीये हे कळल्यावर ती तशीच ठेवलीही नसती. त्यांचा अभिमान त्याच जातीचा होता.

"मंग शेवटचा नियम लाव."

"कोनता?" विचारता विचारताच कैलासला आठवलं. "काका, तुमच्यावर? काई बी! कट्टा कोन पाह्यल?"

"नियम पाह्यल. मी लेहून देतो, तू चढव."

त्यांनी उभ्यानंच लिहिलं: 'चोपदारानं ऐकणाऱ्याला हाकललं. चोपदाराची चूक. चोपदाराला बंदी.' या वेळी घोटीव वाक्य जोडलं नाही. कैलासनं कळ दाबली. बस्स, एवढंच झालं. प्रभाकररावांना वाटलं होतं तसं वाईट वाटलं नाही. ताठ मानेनं ते घरी चालत गेले. वाटेत नेहमीच्या पानवाल्याला त्यांनी रामराम घातला. त्यानं मान वर केली नाही. गिऱ्हाईक असेल, त्यांनी मनात म्हटलं.

चतुर्थीला केळझरची टेकडी माणसांनी फुलली होती. दुपारचं ऊन मंडपाच्या कापडातून पिवळं होऊन खाली पडत होतं. सतरंजीवर पहिल्या ओळीत कुंताबाई, त्यांच्या शेजारी प्रभाकरराव, पलीकडे कैलास. पेटीवर मनोहरराव. नऊवारी नेसलेली मोहिनी गादीवर आली, वाकली, उभी राहिली. तिनं समोर पाहिलं.

तिनं नमन म्हटलं.

नमन गेलं, आणि परत आलं नाही.

मनोहररावांनी वर पाहिलं. मोहिनीची चिपळी हातातच अडली. कुंताबाईंनी डोळे मिटून घेतले.

प्रभाकररावांनी काही केलं नाही. आजवर कीर्तन ऐकताना त्यांचं अर्धं मन चुका वेचत असे. कोण बोललं, कोण उठलं, कोणाचा स्वर घसरला. आज वेचायचं काहीच हातात नव्हतं. चोपदारकी गेली होती. उरलं ऐकणं.

ते ऐकू लागले.

मोहिनी म्हणाली, "विठ्ठल विठ्ठल!"

आणि मंडप उसळला. बायका, बाप्ये, लेकरं, टाळ, टाळ्या. टेकडी नाव घेतेय असं वाटलं. मोहिनीचा गळा मोकळा झाला. तिनं हात उंचावला आणि आवाज त्या हाताच्याही वर चढला. लोक माना डोलवत होते, डोळे पुसत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "पोट्टी कोनाची हो?"

'माही!' असं प्रभाकरराव ओरडलेच. कुणी वळून पाहिलं नाही. त्यांचं काही बिघडलं नाही. त्यांची छाती इतकी भरली होती की त्यात श्वासाला जागा नव्हती, आणि श्वासाची गरजही उरली नव्हती.

आख्यान रंगात आलं तेव्हा त्यांना अल्लीपूरचं कीर्तनही ऐकू येऊ लागलं. मग सेलूचं. मग कुठल्याशा नदीकाठचं, जिथं ते कधी गेले नव्हते. सगळी एकदम, आणि एकही शब्द दुसऱ्यात मिसळत नव्हता. प्रत्येक ठिकाणी ते पहिल्या ओळीत होते.

आरती झाली. मोहिनी बुक्क्याची वाटी घेऊन खाली उतरली, ऐकणाऱ्यांना बुक्का लावायला. आईच्या कपाळाला लावला. कुंताबाईंनी तिला पोटाशी धरलं.

"आई, बाबा कुठी हायेत?"

"इथंच बसलते न बाई... आता होते."

प्रभाकररावांनी हसून कपाळ पुढे केलं.

मोहिनी क्षणभर तिथंच थांबली. तिनं चिमूट उचलली, काहीसं आठवल्यासारखं केलं आणि वाकून ती सतरंजीवर, त्या मोकळ्या जागी ठेवली. दोन्ही हात जोडले. मग पुढे सरकून कैलासच्या कपाळाला बुक्का लावला.

काळ्या कणांखाली सतरंजी सपाट होती. कुणी बसल्याची सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती.