उसनं मनगट

एक गंमत करून बघा. डाव्या हाताच्या चिमटीत नाक घट्ट धरा, डोळे मिटा, आणि कुणाला तरी सांगा, पिकल्या पेरूची एक फोड माझ्या तोंडात घाल. कशी लागली? गोड लागली असेल; पण पेरूची लागली नसेल. आता चिमटी सोडा… आला की नाही पेरू?

आता असं समजा, की ती चिमटी सुटतच नाही. कधीच नाही.

खुशालचं तसंच होतं. नऊ वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला. एकवीस दिवसांनी ताप गेला, आणि जाताना वास सोबत घेऊन गेला. आता खुशाल सव्वीस वर्षांचा होता आणि चिखल्याच्या मँगनीज खाणीत लॅम्परूममध्ये काम करायचा. खाली उतरणाऱ्या माणसाच्या डोक्याचा दिवा तपासून द्यायचा, पाळी संपली की परत घ्यायचा. थोरला भाऊ बुधराम, वहिनी रेवता आणि त्यांची सात वर्षांची मुलगी धुरपता सोडली, तर त्याच्या नाकाची गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. सांगायची वेळच आली नव्हती.

ती आली एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या माघात, भंडाऱ्याला.

बुधरामचं घड्याळ दुरुस्त करून घेऊन खुशाल स्टँडवर आला, तेव्हा तुमसरच्या गाडीला अजून तासभर होता. समोर अत्तराचं दुकान होतं. सावलीतलं बाकडं तेवढं तिथंच होतं, म्हणून तो तिथं जाऊन बसला. दुकानातल्या चाचांनी त्याला उठवलं नाही. बाकड्यावर रोज असे दहा जण बसायचे.

इतक्यात दोघी आल्या. पुढे एक तरुण मुलगी, मागे तिची मावशी – हातात तपकिरीची डबी.

"चाचा, लग्नाचं अत्तर पाह्यजे," मुलगी म्हणाली. "माह्या मोठ्या बहिणीचं, पुष्पाताईचं लग्न आहे वैशाखात. दोन तोळे द्या. पण डोकं उठवणारं नको."

"मागच्या लग्नात मी घेतलं होतं, बापा," मावशी गिरजाबाई आपणहून म्हणाल्या. "नवरदेवाच्या मामाले मांडवातच वकारी आली. सहा वर्षं झाली, अजून बोलून राहिले."

चाचा हसले. "म्हणून तर बेटी, आज शीशी मिळणार नाही. आज फक्त फाया, कापसाच्या बोळ्यावर. अत्तर सकाळी एक बोलते, सांजेला दुसरं. सांजेला काय बोलते ते ऐका, मग शीशी न्या."

त्यांनी चार बाटल्या पुढे मांडल्या. गुलाब, मोगरा, खस, हिना. मुलीच्या एका मनगटावर गुलाब लागला, दुसऱ्यावर मोगरा. खस आणि हिना राहिले, पण मनगटं संपली!

"कोपरावर लावा ना."

"अंहं. एका हातावर दोन वास भांडतात."

"मावशी, तुझा हात दे."

"माह्या हाताले तपकिरीबिगर कायचाच वास येत नाही, मालन."

मालननं इकडेतिकडे पाहिलं. बाकड्यावर दोन हात रिकामे बसले होते.

"अहो भा–" ती म्हणाली… आणि 'भाऊ' पुरं न करताच थांबली. कान लाल झाले. "अहो, तुमचं मनगट जरा देता का?"

"कायले?"

"अत्तर लावाले. माही दोन्ही भरली. सांजेला वास कसा राहते, तेवढं सांगा."

आता बघा, 'मले वास येत नाही' – चारच शब्द होते. खुशालनं तोंड उघडलंही. पण मालन मनगटावर फुंकर घालत त्याच्याकडे बघत होती, आणि शब्द बाहेर यायच्या आधी त्याच्या बाह्या वर गेल्या होत्या.

तिनं कापसाचा बोळा त्याच्या मनगटावर टेकवला. अगदी हलका. "डाव्याले खस, उजव्याले हिना. इसरू नका."

"पण सांगू कसं?"

"पोस्टकार्ड टाक गा," गिरजाबाई म्हणाल्या. "गिरजाबाई, लाखनी, सायकल दुकानाच्या मागं. माह्या नावानं टाक, इच्या नावानं नको. आमचा पोस्टमन पहिले वाचते, मग देते."

तुमसरची गाडी लागली. खुशाल दोन्ही हात अंगापासून दूर धरून चढला, जणू मेंदी ओली होती.

घरी पोचल्यावर त्यानं धुरपताला हाक मारली. "पोट्टे, हे हुंग बरं. काय वाटते सांग."

धुरपतानं शाळेतल्या तपासणीसासारखा चेहरा केला. डावा हात ओढून घेतला.

"ह्या हातात विहीर आहे, काका."

"विहीर?"

"वाकून पाह्यलं की थंड वाफ येते नं, तशी. अन् ह्या हातात आईची पेटी. लुगड्याखाली काहीतरी ठेवलं आहे, पण पेटी बंद आहे."

दिवेलागणीला तिनं पुन्हा हुंगलं. विहिरीचं पाणी खोल गेलं होतं. आणि उजव्या हाताशी ती बराच वेळ थांबली.

"आता पेटी उघडली," ती म्हणाली.

खुशालनं तसंच लिहिलं. खस म्हणजे विहीर, हिना म्हणजे दिवेलागणीला उघडणारी पेटी. कार्डावर खाली दोन ओळींची जागा उरली होती. 'हे माझ्या पुतणीनं सांगितलं' एवढं सहज मावलं असतं. त्यानं जागा कोरी ठेवली.

आठवड्यात उत्तर आलं. नाव गिरजाबाईंचं, अक्षर मालनचं.

'तुमचं कार्ड घरात सगळ्यांनी वाचलं, पोस्टमननं दोनदा. गुलाब संध्याकाळी काकवीसारखा चिकट झाला. मोगरा दुपारीच माहेरी निघून गेला. असं नाक आमच्या गावात कुणाचं नाही. म्हणून मावशी म्हणते, आणखी दोन-चार अत्तरं तुमच्याकडून तपासून घ्यावीत.'

'असं नाक' ह्या शब्दांवर खुशालची नजर अडखळली. पण त्या कार्डानं त्याला दिवसभर इतका आनंद झाला होता, की अडखळूनही ती पुढं गेली.

मग पाकिटं येऊ लागली. मालन शिवणाचा क्लास घ्यायची. सुया-दोरे आणायला भंडाऱ्याला गेली, की चाचांकडून फाया घ्यायची आणि तेलकट कागदात गुंडाळून धाडायची. धुरपता हुंगायची, खुशाल लिहायचा. केवडा हिरवा निघाला, आणि टोचणारा. चंदनाबद्दल धुरपता म्हणाली, "हे काहीच बोलत नाही, पण जातही नाही."

मालनचं उत्तर आलं : 'चंदनासारखी माणसं बरी, असं मावशी म्हणते. मी नाही म्हणत. मावशी म्हणते.'

खुशालनं धीर करून लिहिलं : 'मावशींना विचारा, माझं मनगट परत कधी मिळणार?'

'उसनं घेतलं आहे,' उत्तर आलं, 'पण परत करायची आम्हाला घाई नाही. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी हिनाची शीशी घ्यायला आम्ही भंडाऱ्याला जाणार. तेव्हा बघू.'

त्या दिवशी लॅम्परूममध्ये दोन दिवे चुकीच्या नंबरावर टांगले गेले, आणि सुखराम मुकादम ओरडला, "खुशाल, अगा झोपला का बे?" खुशाल नुसता हसला.

होळी होऊन आठवडा झाला, आणि एक पाकीट आलं. आत कापसाचा एकच बोळा, आणि एकच ओळ : 'हे कोणतं, ओळखा. दुकानातलं नाही.'

धुरपता दारातल्या पायरीवर बसली. तिनं डोळे मिटले, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"काका, यात अत्तर नाही."

"मग?"

"हळद आहे. शिलाई मशीनचं तेल आहे, थोडंसंच. अन्…"

"अन् काय?"

"हे कोणीतरी मुठीत धरून ठेवलं होतं. लय वेळ."

खुशालनं तो बोळा घेतला. नाकाशी नेला. छाती भरून श्वास ओढला… पुन्हा ओढला. नाकाला कापसाच्या तंतूंनी गुदगुल्या झाल्या. बाकी काही नाही.

त्यानं कार्ड घेतलं, 'हळद' असा एक शब्द लिहिला, आणि लेखणी थांबली. केवडा टोचतो हे धुरपताच्या नाकानं लिहिलं, ते ठीक. तो दुकानातला माल होता. पण ही मालन होती. तिनं मुठीत धरून स्वतःला धाडलं होतं, आणि विचारलं होतं – मी ओळखू येते का तुम्हाला? ह्याला उसनं उत्तर द्यायचं?

आणि खरं सांगितलं तर? ज्या नाकासाठी ती पाकिटं धाडत होती, ते नाक ह्याचं नव्हतंच. दोन महिने फसवलं म्हणेल. तोंड फिरवेल.

त्यानं कार्ड फाडलं. पंधरा दिवस काहीच लिहिलं नाही. आणि रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी धुरपताचं बोट धरून सकाळच्या गाडीनं भंडाऱ्याला गेला.

दोघी दुकानात होत्याच. मालननं त्याला पाहिलं आणि मान चाचांकडे वळवली.

"हिना द्या चाचा. दोन तोळे."

"आला का गा!" गिरजाबाई म्हणाल्या. "पंधरा दिवस कार्ड नाही, काही नाही. पोस्टमन विचारून राहिला, तो पोरगा बीमार आहे का म्हणून."

"बीमार नाही, मावशी." खुशाल म्हणाला. "मले… मले वास येत नाही."

"सर्दी झाली का?"

"लहानपणापासून येत नाही. कायचाच."

चाचांचा हात बुचावर थांबला. मालन हळूच वळली.

"चेष्टा करून राहिले का?"

"नाही."

"मग ती विहीर? अन् पेटी?"

त्यानं धुरपताला पुढं केलं. "हुंगलं हिनं. लिहिलं मी."

मालननं त्या एवढ्याशा मुलीकडे बघितलं. दोन वेण्या, लाल फिती, बोटाला शाई. मालनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाजात राग होता.

"म्हणजे दोन महिने मी एका पोरीसंग बोलून राहिली होती, म्हणा ना."

"अत्तराचं तिचं. बाकीचं माहं."

"बाकीचं काय?"

"मनगट परत कधी देता, ते मीच विचारलं होतं."

गिरजाबाई फिसकन हसल्या. मालन हसली नाही.

"अन् तो शेवटचा कापूस?"

"तो हिनं पहिल्याच झटक्यात ओळखला. मी लिहिलं नाही."

"काहून?"

"ते तरी माह्या तोंडानं सांगावं म्हटलं…" तो अडखळला. चाचा उगाच बाटल्या पुसू लागले. "मले तुमचा वास माहीत नाही, मालनबाई. कधी होणारही नाही. मले दुसरंच माहीत आहे. कार्डावरची जागा संपत आली की तुम्ही अक्षर बारीक करता, पण वाक्य अर्धं सोडत नाही. मावशीचं नाव लिहून स्वतःचं बोलता. अन् मी आलो तवा मान फिरवली, पण रागानं नाही फिरवली… मले तरी तसं वाटलं. चुकत असन तर सांगा, मी तुमसरच्या गाडीत जाऊन बसतो."

मालन पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. समोरच्या पाणपोईवर पेल्यांचा आवाज होत होता. गिरजाबाईंनी चिमूटभर तपकीर ओढली, दोनदा शिंकल्या, आणि म्हणाल्या, "नाक नाही तर नाही, बापा. माहं तरी कुठं आहे? तपकिरीनं खाल्लं."

चाचांनी शीशी कागदात गुंडाळून दिली. मालननं ती पिशवीत ठेवली, पदर खोचला, आणि धुरपतापुढं उकिडवी बसली. खुशाल दोन हातांच्या अंतरावर उभा होता, तरी निरोप तिच्याकडे दिला.

"तुह्या काकाले म्हण, लग्नाले पाहुणा म्हणून येऊ नका. वाढाले या."

खुशाल धुरपताकडे बघू लागला.

"पंगतीत वाढाले घरचा माणूस लागते गा," गिरजाबाई म्हणाल्या. "समजलं का? का हेही पोट्टीनंच सांगावं तुले?"

"समजलं," खुशाल म्हणाला. चेहऱ्यावर हसू असं पसरलं, की कुठं ठेवावं ते त्याला कळेना. "पण… वाढायचं तर भांडी कुठं ठेवता, ते आधी माहीत पाह्यजे. घर पाहाले लागन."

"घर पाहाले?" मालननं पदर तोंडाशी धरला. "अन् बाबा विचारतील, हा कोण म्हणून?"

"काय सांगाल मग?"

"मी नाही सांगणार." तिचे डोळे खाली गेले, आणि लगेच वर आले. "तुम्ही सांगा. तुमच्याच तोंडानं."

"कधी येऊ?"

ह्या वेळी मालननं मान फिरवली नाही. लाखनीची गाडी फलाटावर येऊन लागली, माणसं धावली, ढकलाढकली सुरू झाली. ही दोघं मात्र तिथंच, चार पावलांवर गाडी उभी आहे हे विसरून गेलेली.

आणि धुरपतानं काय केलं, सांगू? तिनं काकाच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, माणसांच्या कोपरांखालून वाट काढत गाडीपाशी गेली, आणि उघड्या खिडकीतून तो दुपट्टा आतल्या बाकावर भिरकावला. मग दारातून आत घुसली, दुपट्टा नीट लांब पसरला, एका लठ्ठ गृहस्थाला "इथं माणूस आहे" म्हणून दटावलं, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली –

"काका, मालनबाई, या लवकर! तुमची दोघांची जागा धरली! मावशी, तुम्ही माह्याजवळ!"